डाव्या हाताने पूर्ण झालेला ग्रंथ

रत्नागिरी : महात्मा जोतीराव फुले यांचे नाव निघाले, की भिडे वाड्यातील मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि 'शेतकऱ्याचा असूड' हे सारे ओघाने येते. त्यांच्या आयुष्याची अखेरची सव्वादोन वर्षे मात्र बहुधा दोन-चार वाक्यांत आटोपली जातात. जुलै १८८८ मध्ये त्यांच्या अंगावरून वारे गेले, उजवी बाजू लुळी पडली, डाव्या हाताने त्यांनी ग्रंथ लिहिला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले, एवढे सांगितले जाते. वाचणारा त्यांच्या इच्छाशक्तीचे कौतुक करतो आणि पान उलटतो.

या कौतुकात एक गोष्ट निसटते. अर्धांगवायूतून उठणाऱ्या माणसाला इच्छाशक्ती लागतेच, पण ती एकटी पुरत नाही. त्याला दमसास लागतो, स्नायूंचे बळ लागते आणि ते किती उरले आहे, किती वाढवता येईल, हे कोणीतरी मोजून सांगावे लागते. असे मोजमाप जोतीरावांच्या काळात जगात कोठेच होत नव्हते. आज ते होऊ शकते. तरीही अनेक घरांत अर्धांगवायूच्या रुग्णाला खाटेवर निजवून ठेवणे हीच सेवा मानली जाते. म्हणून जोतीरावांच्या त्या सव्वादोन वर्षांकडे, आणि त्याआधीच्या साठ वर्षांत घडलेल्या त्यांच्या देहाकडे, पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे आहे.

रत्नागिरीकरांना या चरित्राशी जोडणारा एक धागाही आहे. जोतीरावांचे विस्तृत चरित्र लिहिणारे धनंजय कीर यांचा जन्म २३ एप्रिल १९१३ रोजी रत्नागिरीत झाला. त्यांनी लिहिलेले फुले यांचे इंग्रजी चरित्र १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ते मराठीतही आले. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसराला आज कीर यांचेच नाव आहे.

तालमीत घडलेला देह

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. जोतीराव जेमतेम वर्षाचे असताना आई चिमणाबाई गेल्या. वडील गोविंदराव यांनी दुसरा विवाह केला नाही. नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनी या मुलाचा सांभाळ केला.

प्राथमिक शिक्षण सुरू झाले, पण गोविंदरावांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलाला शाळेतून काढले आणि त्याच्या हाती खुरपे आले. वाढीच्या वयातील काही वर्षे मळ्यातील कामात गेली. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तत्पूर्वी १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता.

शाळेबरोबरच आणखी एक शिक्षण चालू होते. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. लहुजींची ही तालीम पुण्यातील अनेक तरुणांचे आकर्षण होती. इंग्रजांचे राज्य उलथून टाकण्याची स्वप्ने त्या वयात पाहिली जात होती आणि त्यासाठी शरीर कमवायचे, असा तो विचार होता. ते स्वप्न पुढे वेगळ्या वाटेने गेले. शस्त्राऐवजी शाळा हाती आली. पण तालमीत कमावलेले शरीर कायम राहिले.

दांडपट्ट्याचा सराव म्हणजे केवळ मनगटाचे कसब नव्हे. त्यात पवित्रा बदलताना पायांचा तोल, कमरेचा पीळ आणि श्वासावर ताबा हे तिन्ही लागतात. अर्धांगवायूनंतर माणूस प्रथम गमावतो ते नेमके हेच. तरुणपणीच्या व्यायामामुळे साठाव्या वर्षीचा झटका टळतो असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र ज्याचा मूळचा दमसास अधिक, त्याच्याजवळ आजारात खर्च होऊनही काही शिल्लक राहते, एवढे आजचे शरीरशास्त्र निश्चित सांगते.

विसावा नसलेली चाळीस वर्षे

१८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि जोतीरावांच्या सार्वजनिक आयुष्याला आरंभ झाला. लोकापवादाच्या धाकाने गोविंदरावांनी १८४९ मध्ये मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडण्यास सांगितले. दोघे बाहेर पडले, पण शाळा थांबली नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. १८५५ मध्ये श्रमिकांसाठी रात्रीची शाळा निघाली. १८५६ मध्ये त्यांच्यावर मारेकरी घातले गेले. त्या मारेकऱ्यांचेच मनपरिवर्तन झाल्याची हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे जन्मलेल्या एका मुलाला या निपुत्रिक दांपत्याने पुढे दत्तक घेतले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला करण्यात आला. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

या साऱ्या कामांना पैसा लागत होता आणि तो जोतीरावांनी बांधकामाच्या व्यवसायातून मिळवला. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या संस्थेशी त्यांचा संबंध होता. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचे नाव जोडले जाते. मांजरीला कालव्याच्या पाण्यावर त्यांनी शेतीही केली. मजूर, दगड, चुना आणि माती यांच्या सहवासात गेलेले हे आयुष्य होते. 'शेतकऱ्याचा असूड' वाचताना शेतकऱ्याच्या कष्टाचे जे बारकावे आढळतात, ते बैठकीत बसून मिळालेले नाहीत.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाविषयी निवेदन दिले. १८८८ हे वर्ष तर त्यांच्या लौकिकाचे शिखर ठरावे असेच उजाडले होते. २ मार्च रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि ग्रामीण प्रजेची दैना त्यांनी राजपुत्राच्या कानावर घातली. ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात झालेल्या समारंभात त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी ते अंथरुणाला खिळले.

जुलै १८८८

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा जोतीराव ६१ वर्षांचे होते. उजवी बाजू निकामी झाली. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर नियंत्रण ठेवतो. तेथील रक्तपुरवठा तुटला किंवा रक्तवाहिनी फुटली, की उजवा हात आणि उजवा पाय हुकूम मानेनासे होतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत भाषेचे केंद्रही याच डाव्या भागात असते. त्यामुळे अशा रुग्णांपैकी अनेकांची वाचा जाते, शब्द आठवत नाहीत, वाक्य जुळत नाही. जोतीरावांनी त्यानंतर एक संपूर्ण ग्रंथ रचला, यावरून त्यांची भाषा आणि तर्कशक्ती शाबूत राहिली होती हे उघड आहे.

सत्यशोधक समाजातील त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. घोले हे त्या काळातील नामांकित शल्यचिकित्सक. पण त्यांच्या हाती साधने कोणती होती, हे लक्षात घेतले पाहिजे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये पुढे आणले, म्हणजे जोतीरावांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे जिवंत माणसात पाहण्याची सोय सीटी स्कॅनमुळे १९७० च्या दशकात झाली. रक्तदाब किती होता, झटका कोणत्या प्रकारचा होता, पुन्हा येण्याचा धोका किती होता, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर १८८८ मध्ये निष्णात वैद्यालाही देता येणे शक्य नव्हते.

आजारात आर्थिक ओढाताणही होती. मिळवलेला पैसा संस्थांवर खर्च झाला होता. मामा परमानंद यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून या दांपत्याच्या मदतीसाठी शब्द टाकला. घरात शुश्रूषेचा भार सावित्रीबाईंवर होता.

त्याच वर्षी कोकणात जोतीरावांच्या विचारांचा एक अंकुर वर येत होता. लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध केली आणि अस्पृश्यतेच्या समर्थकांना जाहीर प्रश्न विचारले. पुण्यात गुरूचा उजवा हात थांबला असताना दापोलीत त्याच विचाराची लेखणी चालू होती.

डाव्या हाताचे शिक्षण

जोतीराव थांबले नाहीत. उजवा हात चालत नाही म्हणून त्यांनी डाव्या हाताला लिहिण्याची सवय लावली आणि 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' हा ग्रंथ सिद्ध केला. १ एप्रिल १८८९ रोजी तो लिहून पूर्ण झाला. झटक्यापासून मोजले तर हा काळ नऊ महिन्यांहूनही कमीच भरतो. निर्मिक एक आहे, स्त्री आणि पुरुष समान हक्कांचे धनी आहेत, जन्मावरून कोणी उच्च वा नीच ठरत नाही, हा या ग्रंथाचा आशय. प्रश्नोत्तरांच्या रूपाने त्याची मांडणी झाली आहे आणि विवाहादी विधी पुरोहितावाचून कसे करावेत, हेही त्यात सांगितले आहे. मधल्या काळात ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचा विवाह ज्ञानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाला. ग्रंथात जे लिहिले जात होते, तेच घरात आचरले गेले. ग्रंथ छापून आला तो मात्र १८९१ मध्ये, जोतीरावांच्या पश्चात.

हे काम शरीराच्या दृष्टीने किती कठीण असते, याची कल्पना निरोगी माणसाला सहसा येत नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाला बसून राहणे हेच पहिले कष्ट असतात. धड एका बाजूला कलते. कागद धरायला दुसरा हात नसतो. न सरावलेली बोटे अक्षर गिरवताना अवघडतात. त्यात या आजाराचा थकवा वेगळाच. झोप झाली तरी तो उतरत नाही आणि कित्येकांना महिनोन्महिने सोडत नाही. चार ओळी लिहून माणूस गळून जातो. अशा स्थितीत पानामागून पान लिहिणे म्हणजे दररोजचा नेमाने केलेला व्यायामच होता, मग त्याला कोणी ते नाव देवो वा न देवो.

उजव्या हाताचे काय?

आजचा भौतिकोपचारतज्ज्ञ हा प्रसंग वाचून एक प्रश्न विचारील. डावा हात शिकला हे उत्तम, पण उजव्या हाताचे काय झाले? त्या काळी निकामी झालेला अवयव गेला तो गेलाच, अशी समजूत होती. चांगल्या हाताने काम निभावले, की वाईट हात आणखी विसरला जातो. अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांनी या विसरण्याचा अभ्यास केला आणि त्यावर उलटा उपाय शोधला. चांगला हात मऊ मोज्यात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडूनच कामे करवून घ्यायची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर हा उपाय दोन आठवडे करून पाहण्यात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांच्या हाताची हालचाल अधिक सुधारली आणि हा लाभ वर्षभर टिकला. मनगट व बोटे थोडी तरी उचलता येत असतील, त्यांच्यासाठीच हा उपाय आहे. जोतीरावांचा उजवा हात त्या अवस्थेत होता किंवा नाही, हे आता ठरवता येणार नाही. पण मेंदू साठीनंतरही नवे शिकतो, हे त्यांच्या डाव्या हाताने दाखवून दिले होते. टॉब यांच्या उपचाराचा पायाही तोच आहे.

दम मोजण्याची विद्या

हाताइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न हृदयाचा आणि फुप्फुसांचा असतो. व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावरून माणसाचा दम ठरतो. अर्धांगवायूतून उठलेल्या व्यक्तीत ही क्षमता त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या साधारण निम्म्यावर आलेली आढळते. स्वतःची कामे स्वतः करायची तर वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे १५ ते १८ मिलिलिटर प्राणवायू वापरण्याची ताकद लागते. अनेक रुग्ण या रेषेच्या खाली असतात. भरीत भर म्हणजे पाय ओढत चालताना निरोगी चालीच्या दीडपट ते दुप्पट शक्ती खर्च होते. तिजोरीत निम्मा पैसा आणि बाजारात दुप्पट भाव, अशी ही अवस्था. पाय सुधारूनही रुग्ण घराबाहेर का पडत नाही, याचे उत्तर बऱ्याचदा येथे असते. घरच्यांना तो आळस वाटतो.

ही क्षमता मोजण्याची विद्या विसाव्या शतकात आकाराला आली. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये फिरत्या पट्ट्यावरील चाचणीची पद्धत प्रसिद्ध केली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवायचा आणि त्या वेळी हृदयाचा आलेख व रक्तदाब पाहत राहायचे, ही ती पद्धत. हृदयरोग्यांसाठी ती आजही वापरली जाते. पण एक पाय ओढणाऱ्या माणसाला तो चढ झेपत नाही. म्हणून अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी स्थिर सायकल, बसून पाय मारण्याचे यंत्र किंवा कमरेला आधार देणारा पट्टा यांचा उपयोग करतात. पायरी हळूहळू वाढवतात. छातीत दुखणे, चक्कर येणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे किंवा वरचा रक्तदाब २५० च्या पुढे जाणे यांपैकी काहीही घडले, की चाचणी तत्काळ थांबवतात.

दुसरी चाचणी यंत्रावाचून होते. ३० मीटरचा सरळ, सपाट मार्ग आखायचा, दोन टोकांना खुणा ठेवायच्या आणि रुग्णाला सहा मिनिटांत आपल्या गतीने जमेल तितके चालायला सांगायचे. काठी चालते, मध्ये थांबून श्वास घेतलेला चालतो. आधी व नंतर नाडी आणि रक्तदाब पाहायचा, दमणूक किती वाटली ते विचारायचे आणि अंतर लिहून ठेवायचे. फुप्फुसाच्या रुग्णांसाठी १९८२ मध्ये पुढे आलेली ही सहा मिनिटांची चाल अर्धांगवायूनंतरच्या उपचारांतही रुळली आहे. महिन्या-दोन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली, की सुधारणा आकड्यांत दिसते. मात्र अशा रुग्णाच्या चालीत पायाची अडचणही मिसळलेली असते. त्यामुळे केवळ अंतरावरून हृदयाचा निवाडा करू नये, असे तज्ज्ञ सांगतात.

औषधासारखी मात्रा

मोजमाप कशासाठी, तर व्यायामाची मात्रा ठरवण्यासाठी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार, स्थिरावलेल्या रुग्णाने आठवड्यातून तीन ते पाच दिवस, दररोज २० ते ६० मिनिटे चालणे किंवा सायकल यांसारखा व्यायाम करावा. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडावेत. जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंचे बळ वाढवणारे आणि तोल सावरणारे व्यायाम असावेत. झटक्यानंतरच्या पहिल्या टप्प्यात मात्र नाडी विश्रांतीच्या वेगापेक्षा मिनिटाला १० ते २० ठोक्यांहून अधिक वाढू देऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग मुळातच दाबून ठेवतात. अशा रुग्णाला केवळ नाडीवर विसंबून चालत नाही, त्याला किती दम लागतो तेही विचारावे लागते.

अतिउत्साहही घातक ठरतो. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या चाचणीत, झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला उठवून वारंवार व दीर्घकाळ हालचाल करवून पाहण्यात आली. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा बेताने हालचाल करणाऱ्यांचा गट अधिक चांगल्या स्थितीत आढळला. उलट, प्रकृती स्थिर झाल्यावरचा नियमित व्यायाम लाभदायक असतो, याला भक्कम आधार आहे. २०२० मध्ये ७५ अभ्यासांचा आणि ३०१७ रुग्णांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात दमसासाच्या व्यायामाने चालण्याचा वेग आणि क्षमता वाढते व परावलंबित्व कमी होते, असे दिसून आले. व्यायामाने आयुष्य वाढते का, याचा निर्वाळा मात्र या आढाव्याने दिला नाही. आहे ते आयुष्य स्वतःच्या पायावर जगता येते, एवढे तो सांगतो, आणि अर्धांगवायू झालेल्या घराला त्याचे मोल ठाऊक असते.

पुन्हा ढासळलेली प्रकृती

जोतीरावांना लाभलेली उसंत फार काळ टिकली नाही. प्रकृती पुन्हा ढासळली आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी पहाटेपूर्वी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. १८८७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात, आपला देह दहन न करता मिठात पुरावा, अशी इच्छा त्यांनी नमूद केली होती. वस्तीच्या जागी दफनास नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि अखेर दहनच करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. त्या काळात स्त्रीने असे करणे ही कल्पनाही कोणाला सहन होणारी नव्हती. पुढे १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनीही देह ठेवला.

एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या झटक्याचा धोका सर्वांत मोठा असतो. हा धोका आज बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता येतो. रक्तदाब नियमित मोजणे, मधुमेहावर नियंत्रण, तंबाखू आणि विडी-सिगारेट बंद करणे, दिलेली गोळी न चुकवणे आणि शरीराला झेपेल तितका नेमाचा व्यायाम, हे त्याचे उपाय. यांतील बहुतेक गोष्टी आज गावच्या आरोग्य केंद्रापासूनच सुरू होऊ शकतात. डॉ. घोले यांच्यासारख्या निष्णात माणसाला ज्या रक्तदाबयंत्राची जोड मिळाली नाही, ते आज साध्या दवाखान्यात टेबलावर असते.

कोकणची वाट

आपल्या भागात या उपचारांपुढे एक वेगळी अडचण आहे, ती भूगोलाची. रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक वाड्या डोंगरउतारावर आहेत. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. शहरातील रुग्णाला सपाट रस्त्यावर चालता आले, की तो मोकळा होतो. येथे एक पाय ओढणाऱ्या माणसाला घराचा उंबरा ओलांडल्यापासून चढउतार सुरू होतात. पावसाळ्यात शेवाळलेली पायरी म्हणजे पडण्याचे निमंत्रणच. कर्ता मुलगा मुंबईला आणि घरी वृद्ध दांपत्य, ही स्थितीही नवी नाही. मग रुग्ण पडवीतल्या खाटेवर राहतो आणि त्याचा उरलासुरला दमही महिन्यागणिक आटत जातो.

यावर उपाय घराच्या अंगणातच सापडू शकतो. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आणि भौतिकोपचारतज्ज्ञाने एकदा रीतसर चाचणी घेऊन मात्रा ठरवून दिली, की शेणाने सारवलेले सपाट अंगण ही उत्तम व्यायामशाळा ठरते. सोबतीला एक माणूस, हाती काठी, भिंतीवर टांगलेले घड्याळ आणि रोजच्या फेऱ्यांची नोंद करायला एक वही. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, ओटीच्या एकाच पायरीवर चढणे-उतरणे, हे बळ वाढवण्याचे व्यायाम. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड वाकडे झाले, हात गळाला वा बोलणे अडखळले, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठायचे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध पात्र रुग्णाला साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि कोकणातील अंतरे पाहता त्यातील प्रत्येक मिनिट महत्त्वाचे आहे.

जोतीरावांनी आयुष्यभर ज्या शिक्षणाचा आग्रह धरला, ते आपल्या वाट्याला आलेल्या दुबळेपणाला नशीब न मानण्याचे शिक्षण होते. अखेरच्या आजारात त्यांनी तेच आपल्या देहाला लागू केले आणि एकसष्टाव्या वर्षी डाव्या हाताला अक्षरओळख करून दिली. त्यांच्याजवळ रक्तदाबयंत्र नव्हते, चाचणी नव्हती, किती श्रम करावेत हे सांगणारे कोणी नव्हते. आज हे सारे उपलब्ध असताना एखाद्या घरात अर्धांगवायूचा रुग्ण केवळ माहितीअभावी खाटेवर पडून राहत असेल, तर त्याला चालते करण्याची जबाबदारी त्याच्या इच्छाशक्तीवर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही.